गतविजेत्यांचे पुढचे वर्ष

आपल्या चिंचपोकळी-लालबागच्या मंडळांत कबड्डीचा संघ जिंकला की पुढच्या वर्षी बहुधा तेच गडी मैदानात दिसतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये हा हिशेब चालत नाही. 'मागल्या वर्षी चषक आणला, यंदाही आणणार' असे म्हणणाऱ्यास एवढेच विचारावे, मागल्या वर्षीचे खेळाडू उरले किती?

मुंबई सिटी या आपल्याच शहराच्या संघाचे पाहा. १३ मार्च २०२१ रोजी बिपीन सिंगने ९०व्या मिनिटास गोल केला आणि एटीके मोहन बागानला २-१ असे नमवून मुंबईने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. साखळीतही तोच संघ पहिला होता. पण पुढील हंगामापूर्वी ह्युगो बूमू त्याच मोहन बागानकडे गेला, ओग्बेचे हैदराबादला गेला आणि स्पर्धा तोंडावर आली असता प्रशिक्षक लोबेरा यांनीही निरोप घेतला. नवे प्रशिक्षक बकिंगहॅम यांच्या हाती तयारीस जेमतेम महिनाभर उरला. मुंबई पाचवी आली, आणि उपांत्य फेरीत प्रवेश होता चौघांनाच. तिकडे ओग्बेचेने १८ गोल केले, चषक हैदराबादने नेला!

यात दुर्दैव थोडे आणि व्यवहार अधिक. परदेशी खेळाडूंचे करार बहुधा अल्पमुदतीचे असतात. संघ जिंकला की खेळाडूंचा भाव वाढतो व प्रतिस्पर्धी त्यांनाच उचलतात.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या रचनेची. २०२५ पर्यंत चषक अखेरीस एका सामन्यावर ठरत असे. साखळीतील प्रथम क्रमांकाची ढाल मात्र महिनोन्‌महिने सातत्य मागत असे. २०१४ ते २०२५ या काळात लागोपाठ दोनदा चषक कोणासही जिंकता आला नाही. ढाल मात्र मोहन बागानने २०२४ व २०२५ अशी सलग मिळविली. म्हणून हंगामाचा अंदाज बांधायचाच तर तो ढालीचा बांधावा लागे. चषकाचे भाकीत म्हणजे निव्वळ मटका असे!

४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई पुन्हा विजेती झाली. प्रशिक्षक क्रात्की या वेळी टिकले. पण मधल्या फळीचा आधार असलेला आपुइया मोहन बागानकडे, तर नोगेरा, परेरा डियाझ व राहुल भेके बंगळुरूकडे गेले. मुंबई कशीबशी सहावी आली. बाद फेरीत गाठ बंगळुरूशीच पडली, आणि २९ मार्च २०२५ रोजी गतविजेते ०-५ असे हरले.