एक मूळ, अनेक प्रती

शाळेच्या कारभारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना जनरल रजिस्टरचे महत्त्व निराळे सांगावयास नको. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख यांची नोंद तेथे एकदा होते. दाखला, परीक्षेचा अर्ज हे सारे तिच्यावरूनच उतरवायचे. एका वर्षी आमच्याकडे घाईत एक दाखला रजिस्टर न पाहता जुन्या यादीवरून लिहिला गेला. जन्मतारीख चुकली आणि त्या मुलाला नोकरीच्या वेळी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

ग्रंथप्रकाशनातही हाच धोका असतो. एकच मजकूर आज छापील पुस्तक, संगणकावरील पान, ई-पुस्तक आणि ब्रेल अशा निरनिराळ्या रूपांत हवा असतो. प्रत्येकाची स्वतंत्र प्रत ठेवली, तर एक दुरुस्ती चार ठिकाणी करावी लागते. एखादी हमखास राहून जाते.

१९६९ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी यावर एक मार्ग काढला. मजकूर कसा दिसावा हे न लिहिता तो काय आहे, एवढेच खुणेने सांगावे : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला जीएमएल हे नाव पडले. तिच्यातून विकसित झालेली एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली. १९९८ मध्ये तिचेच सुटसुटीत रूप, एक्सएमएल, प्रसिद्ध झाले.

काम कसे चालते पाहा. खुणा केलेला मूळ मजकूर आधी नियमांशी ताडला जातो. प्रकरणाला शीर्षक नसेल, तर संगणक तेथेच चूक दाखवितो. मग प्रत्येक रूपासाठी वेगळे सूचनापत्र लागू होते. छापताना तळटीप पानाच्या तळाशी जाते, पडद्यावर ती बोट टेकताच उघडते. शीर्षक छापात मोठ्या टाइपात येते. वाचून दाखविणाऱ्या यंत्राला तेच शीर्षक म्हणून कळते, म्हणून अंध वाचक थेट हव्या त्या प्रकरणाशी पोहोचू शकतो. दुरुस्ती मात्र मुळातच करायची; सर्व रूपे पुन्हा नव्याने तयार होतात.

हे आपल्यापासून दूरचे नाही. १९९०च्या दशकात अनेक मंडळांच्या स्मरणिका अशा फाँटांत जुळविल्या गेल्या, की ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले होते. तो फाँट नसला, की सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. रूप जपले, अर्थ हरवला! युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, तो याच कारणासाठी.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांचा इतिहास बहुधा अशा स्मरणिकांतच आहे. तेव्हा पुढील अंक जुळविताना मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा, शीर्षकाला नुसते ठळक न करता 'शीर्षक' अशीच खूण द्यावी आणि छापून झाल्यावर मूळ प्रत जपून ठेवावी. रजिस्टर शाबूत असले, की दाखला केव्हाही देता येतो.