कोरीव अक्षरांची काजळी

लग्नमुंजीत द्यावयाच्या भेटवस्तूंत हल्ली एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. चामड्याच्या पाकिटावर, पट्ट्यावर किंवा वहीच्या वेष्टनावर लेसरने नाव कोरून देणारी दुकाने ठिकठिकाणी निघाली आहेत. कोणी जुन्या पत्रातील आजोबांची स्वाक्षरी, तर कोणी आईच्या हातची एखादी ओळ जशीच्या तशी कोरून घेतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी अक्षर जपणाऱ्या कुटुंबांना अशा भेटीचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु वस्तू घरी येते तेव्हा बोटांना काळे लागते, जळका वास येतो, आणि कोणीतरी ती तत्काळ ओल्या फडक्याने पुसावयास घेते. घात होतो तो येथेच.

हे कोरीवकाम छिन्नीचे नव्हे, उष्णतेचे आहे. त्यासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर वापरतात. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी सिद्ध केला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीस झाला व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. पण तो जेथे पडतो तेथील चामडे क्षणार्धात जळून जाते. चामडे हे मुळात प्रथिनच. म्हणून केस जळल्यासारखा वास येतो. अक्षराचा गडद रंग हा भाजलेल्या चामड्याचा असून तो राहावयास हवा. त्यावरची सुटी काजळी तेवढी जावयास हवी. पाणी आधी लागले, तर हीच काजळी शाईसारखी पसरते आणि भोवतालच्या रंध्रांत मुरून बसते.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे: आधी कोरडे, मग ओलसर, शेवटी स्निग्ध.

प्रथम वस्तू खिडकीपाशी वर्तमानपत्रावर ठेवावी, नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे. मऊ केसांच्या कोरड्या ब्रशाने अक्षरांच्या वळणाने हलक्या हाताने झाडावे. काने, मात्रा आणि विशेषतः अनुस्वार यांत भुकटी दडून राहते. तेथे बारीक कुंचला उपयोगी पडतो. कागद काळा होण्याचे थांबले, की मग पांढरे सुती फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, त्यास चामड्यासाठी मिळणारा सौम्य साबण किंचित लावावा आणि टिपत टिपत पुसावे. फडक्याची बाजू वरचेवर बदलावी. अंगाचा वा कपड्यांचा साबण वापरू नये. चामडे किंचित आम्लधर्मी असते व तो अल्कधर्मी साबण त्यास मानवत नाही. स्पिरिटने रंग सुटण्याचा संभव असतो. कोणताही उपाय आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावा. मखमली पृष्ठाच्या चामड्यास मात्र ओले फडके लावूच नये. कोरड्या ब्रशावरच भागवावे.

नंतर वस्तू रात्रभर सावलीत वाळवावी. उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवल्यास चामडे आखडते व तडकते. पूर्ण वाळल्यावर चामड्याचे क्रीम अगदी थोडे, सर्वत्र सारखे लावावे. तेलकटपणाने रंग गडद होतो, हे ध्यानी असावे. वास उरलाच, तर झाकणाच्या डब्यात वाटीभर खाण्याच्या सोड्याशेजारी वस्तू काही दिवस ठेवावी. सोडा चामड्यास लागू देऊ नये.

चामडे कोणते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे कोरीवकामास उत्तम. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलांचे चामडे याच प्रकारचे. त्या मानांकनात महाराष्ट्रातील ४ जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हेही आहेत. अशा चामड्यास लोखंडी घासणी किंवा गंजलेले भांडे लागू देऊ नये. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत. तीच क्रिया येथे घडून न जाणारे डाग पडतात.

क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे जाळल्यास त्या धातूचे अपायकारक रूप निर्माण होऊ शकते, आणि पीव्हीसीच्या रेक्झिनमधून तर दाहक आम्लवायू निघतो. कोरण्यास देण्यापूर्वीच दुकानदारास माल कोणता ते विचारावे. कोरण्याआधी पृष्ठभागावर कागदी चिकटपट्टी लावावयासही सांगावे. बरीचशी काजळी त्या पट्टीबरोबरच निघून येते.

आजोबांची स्वाक्षरी पुन्हा मिळावयाची नसते. ती चामड्यावर उतरविणे यंत्राचे काम असले, तरी पुढील पिढीस ती स्वच्छ वाचता यावी, हे काम घरातल्या हातांचे आहे. आणि त्यासाठी पहिल्या दिवशीचा अर्धा तास पुरेसा होतो.