नळी एकाची, हक्क दुसऱ्याचा

इस्पितळाच्या सर्वसाधारण कक्षात पलंगाच्या कडेला लोंबणारी पिशवी आणि तिला जोडलेली पिवळसर रबरी नळी हे दृश्य, ज्यांच्या घरात एखादे मोठे दुखणे येऊन गेले आहे त्यांना नवे नाही. परिचारिका तिला ‘फॉलीज’ म्हणतात, औषधाच्या दुकानात ती त्याच नावाने मागितली जाते आणि चिठ्ठीवर तिच्यापुढे १४ किंवा १६ असा आकडा लिहिलेला असतो. या नावात एक आणि आकड्यात एक, अशी दोन माणसे दडलेली आहेत. आकडा आहे तो एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारे कारागीर शारिएर यांच्या मापाचा. नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याची तिप्पट केली की हे माप निघते. नाव आहे ते अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फॉली यांचे. गंमत अशी की, ज्यांचे नाव जगभरच्या इस्पितळांत रोज उच्चारले जाते त्या फॉलींना या नळीचे पेटंट मिळाले नाही.

प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव आवरणे आणि मूत्राशयात घातलेली नळी जागच्या जागी टिकवणे या दोन्ही गोष्टी त्या काळी शल्यचिकित्सकांना सतावीत. नळी निसटू नये म्हणून ती फितीने बांधत, प्रसंगी टाका घालून शिवत. फॉली यांनी नळीच्या टोकाशी एक लहानसा फुगा योजला आणि तो फुगवण्यासाठी नळीच्या भिंतीतूनच दुसरी बारीक वाट काढली. आत गेल्यावर फुग्यात पाणी भरले की नळी अडकून राहते. काढतेवेळी पाणी ओढून घेतले की सुटते. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ही नळी आपल्या व्यवसायबंधूंना दाखवली आणि १९३६ च्या ऑक्टोबरात पेटंटसाठी अर्ज केला. परंतु डेव्हॉल या रबर कंपनीतील पॉल रेश यांचा अर्ज त्याच वर्षी काही महिने आधी दाखल झाला होता. साहजिकच वाद उभा राहिला. पहिला कौल फॉलींच्या बाजूने पडला, रेश यांनी अपील केले आणि निकाल फिरला. फॉलींनी फेरसुनावणीची मागणी केली, तीही नाकारली गेली. पुढे बार्ड कंपनीने ही नळी विकायला काढली ती मात्र फॉलींच्याच नावाने!

रेश यांनी चोरी केली, असे म्हणण्यास काही आधार नाही. अशा नळीत कल्पना जितकी अवघड तितकेच तिचे घडवणेही अवघड असते. रबराच्या चिकात साचा पुन्हापुन्हा बुडवून नळी आणि फुगा एकसंध करायचे, फुगा दहादा फुगवला तरी फुटू नये असे करायचे, ही विद्या रुग्णालयात शिकवली जात नाही. ती कारखान्यात असते. वैद्यकीय उपकरणांच्या शोधाचा खरा पेच येथेच आहे. गरज दिसते डॉक्टरला, हात असतो कारागिराचा, भांडवल असते तिसऱ्याचे आणि हक्काचा कागद मिळतो तो कचेरीत ज्याचा दावा टिकेल त्याला.

कायद्याच्या मराठीत पेटंटला ‘एकस्व’ असा शब्द आहे. तो अचूक आहे, पण अर्धाच अचूक आहे. पेटंट हा राज्यसंस्था आणि संशोधक यांच्यामधला सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती कुणाही कुशल माणसाला करता येईल इतक्या तपशिलाने जाहीर करायची आणि त्या बदल्यात राज्याने ठराविक मुदतीपुरता इतरांना ती वस्तू बनवण्यास व विकण्यास मज्जाव करण्याचा अधिकार त्याला द्यायचा. भारतात आणि बहुतेक देशांत ही मुदत आता अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. ‘एकस्व’ या शब्दात सौद्यातला मज्जाव दिसतो, जाहीर करण्याचा भाग दिसत नाही. सुश्रुतसंहितेत वीस प्रकारची नाडीयंत्रे सांगितली आहेत ही गोष्ट अशा चर्चेत हमखास काढली जाते, आणि ती खरीही आहे. पण त्या नळ्या घडवणारे लोहार कोण होते आणि त्यांची कसबे कोठे गेली हे कुणी सांगू शकत नाही. लिहून न ठेवलेले कसब कारागिराबरोबरच जाते.

डॉक्टरांच्या व्यवसायाला मात्र हा सौदा दीर्घकाळ रुचला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेने शस्त्रक्रियेच्या उपकरणाचे पेटंट बाळगणे हे वैद्याच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारे कृत्य ठरवले होते. त्याही आधी, मूतखड्याने त्रस्त झालेल्या आपल्या भावासाठी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये चांदीच्या कामगाराकडून एक लवचिक नळी करवून घेतली होती. फ्रँकलिन यांनी आपल्या कोणत्याच शोधाचे पेटंट घेतले नाही. ही वृत्ती थोर खरीच. पण भावापुरती एक नळी करणे वेगळे आणि हजारो अनोळखी रुग्णांसाठी ती निर्जंतुक, एकसारखी आणि भरवशाची बनवणे वेगळे.

या दुसऱ्या कामाला काय लागते याचे उदाहरण टॉमस फोगार्टी यांचे आहे. सिनसिनाटीच्या एका इस्पितळात शाळकरी वयापासून पडेल ते काम करणाऱ्या या मुलाने पायाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकलेले रुग्ण पाहिले होते. गुठळी काढण्यासाठी लांबलचक छेद घेतले जात, शस्त्रक्रिया तासन्‌तास चाले, आणि एवढे करूनही अनेकांचा पाय जाई किंवा जीव जाई. फोगार्टींनी मूत्रवाहिनीत घालायची बारीक नळी घेतली आणि शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा कापून तिच्या टोकाला बांधला. चिकटवून काम होईना, कारण दोन्ही पदार्थ एकमेकांना धरीत नव्हते. शेवटी मासेमारीच्या गळाला बनावट माशी बांधण्याची जी गाठ त्यांना बालपणापासून येत होती, ती उपयोगी पडली. एका लहान छेदातून नळी गुठळीपलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचा. गुठळी बाहेर येते. १९६१ मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली गेली.

ती बनवायला मात्र कंपन्या तयार होईनात. कृत्रिम हृदयझडपेचे अभियंते लोवेल एडवर्ड्स यांनी अखेर ती हाती घेतली आणि १९६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले. मधली वर्षे फोगार्टी या नळ्या स्वतःच्या हाताने बांधून सहकाऱ्यांना देत. कोणीही नक्कल करू शकेल अशा वस्तूसाठी साचे आणि चाचण्या यांवर पैसा ओतण्यास उत्पादक सहसा धजत नाही. पेटंटने त्याला जो धीर येतो तो नाकारण्यात अर्थ नाही. पेटंट म्हणजे निव्वळ लोभ, ही आपल्याकडच्या परिसंवादांतून ऐकू येणारी भाषा या उदाहरणापुढे अपुरी पडते.

तथापि हाच धीर पुढे कोठवर जातो हे रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटने दाखवले. अर्जेंटिनात जन्मलेले डॉ. ज्युलिओ पाल्माझ यांना आपल्या गॅरेजात गवंडीकामाची धातूची जाळी पडलेली सापडली आणि तिच्यावरून फुग्याने उघडणाऱ्या नळीची कल्पना सुचली. १९८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि हक्क जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेले. त्यानंतरची दोन दशके स्टेंटचा इतिहास जितका शस्त्रक्रियागृहात घडला तितकाच न्यायालयात. २०१० मध्ये बोस्टन सायंटिफिक या प्रतिस्पर्ध्याने एका तडजोडीत १ अब्ज ७२ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. हा पैसा अखेर कोणाच्या बिलातून येतो, हे कारकुनी हिशेब जाणणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने, जो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला, औषधांच्या बाबतीत उत्पादनाचे पेटंट नाकारले आणि केवळ प्रक्रियेचे मान्य केले. ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली आणि तिच्या आधारावर स्वस्त औषधांचा देशी उद्योग उभा राहिला. उपकरणांबाबत असे काही घडले नाही. त्याच कायद्यातील आणखी एका तरतुदीचे महत्त्व मात्र फारसे ओळखले जात नाही: रोग्यावर उपचार करण्याच्या पद्धतीचे पेटंट भारतात मिळत नाही. नळी पेटंट होईल, ती घालण्याची रीत होणार नाही. अमेरिकेत एका नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या छेदाचे पेटंट मिळवून दुसऱ्या डॉक्टरवर दावा लावला, तेव्हा १९९६ मध्ये तेथील काँग्रेसला डॉक्टरांना संरक्षण देणारी दुरुस्ती करावी लागली.

किमतीचा प्रश्न पेटंटपुरताच आहे असेही नव्हे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात असे. हा फरक सगळा संशोधकाच्या वाट्याला जात होता काय? मोठा भाग वितरक आणि इस्पितळ यांच्या साखळीत मुरत होता. पेटंटवर खापर फोडले की ही साखळी नामानिराळी राहते.

देशी वाट कशी असू शकते याचे उत्तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने दिले आहे. संधिवाताच्या तापाने झडपा निकामी झालेली गरिबाघरची मुले आणि आयात झडपेची न परवडणारी किंमत यांच्यामधून डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झाले. आधीचे नमुने एकामागून एक बाद झाले. एका नमुन्यातील नीलमाची तबकडी चाचणीच्या मेंढीच्या हृदयातच फुटली. अखेर खास मिश्रधातूची चौकट आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची तबकडी असलेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. उत्पादनाचे हक्क टीटीके उद्योगाकडे देण्यात आले आणि लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या. शल्यचिकित्सक आणि अभियंता येथे एकाच संस्थेच्या पगारावर होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात तसा प्रयत्न राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने २०१४ मध्ये मुंबईच्या आयआयटीत ‘बेटिक’ या केंद्राच्या रूपाने सुरू झाला; नागपूर आणि पुण्याची अभियांत्रिकी महाविद्यालये त्यास जोडली गेली. परंतु जिल्ह्याच्या गावातला जो शल्यचिकित्सक अडचणीच्या वेळी सलाईनच्या नळीची आणि हातमोज्याच्या बोटाची काहीतरी जोडणी करून रुग्णाची सुटका करतो, त्याला आपण शोध लावला आहे हे बहुधा जाणवतही नाही. जाणवले तर तो परिषदेत निबंध वाचतो, टाळ्या घेतो आणि विसरून जातो. भारतीय कायद्यात विद्वत्सभेपुढे निबंध वाचल्यावर अर्ज करण्यास बारा महिन्यांची सवलत आहे; ती उलटली की कल्पना सार्वजनिक झाली, आणि ती बनवण्याचे धाडस कोणी कारखानदार करील याची शाश्वती उरत नाही. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणाऱ्या व्यक्तीला मूळ शुल्क सोळाशे रुपये पडते. खरा खर्च दाव्यांचा मसुदा लिहून घेण्याचा असतो, आणि त्या कामासाठी जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला कोणाकडे जावे हे सांगणारी खिडकी त्याच्या रुग्णालयात नसते.