माथेरानात मंगळ बुटाला लागतो

माथेरानला मंगळ बघायचा तर आधी खाली, बुटांकडे बघा. इथल्या जांभ्याची माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि मंगळाचा तांबडा रंगही त्यातूनच आलेला. दोन्हीकडे गंजच! फक्त मंगळाची धूळ तुमच्या लेन्सवर बसत नाही, माथेरानची बसते.

दुर्बीण वर न्यायची तर आपली गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे हमाल, घोडा नाहीतर स्वतःची पाठ. नेरळहून १९०७ पासूनची मिनी ट्रेन आहे, पण आरशांची दुर्बीण त्या वळणांवर हिंदकळली, की वर पोचल्यावर आधी आरसे जुळवत बसा.

आता गंमत ऐका. ग्रहांच्या फोटोला काळोख लागतच नाही! गुरू, शनी डोंबिवलीच्या गच्चीवरूनही झकास येतात. लागते ती स्थिर हवा. ती थरथरली, की शनी माथेरानच्या शार्लोट लेकमधल्या प्रतिबिंबासारखा लवलवतो. म्हणून मुरलेली मंडळी फोटो काढतच नाहीत, व्हिडिओ काढतात. एक-दोन मिनिटांत हजारो फ्रेम. त्यातल्या धड तेवढ्या ‘ऑटोस्टॅकर्ट’ हे फुकटचं सॉफ्टवेअर निवडतं आणि एकावर एक रचतं. बाकीच्या रद्दीत. रेंगाळायचं मात्र नाही, कारण गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. व्हिडिओ लांबला, की पट्ट्यांमधले बारकावे फिसकटलेच.

हेवा करायचा तर लंडनकरांनी आपला करावा. २०२० साली गुरू-शनी तिथून २० अंशही वर चढत नव्हते. १९ अंश अक्षांशावरच्या माथेरानहून ५० च्या आसपास. ग्रह जितका वर, तितकी मधली हवा कमी. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तर दोघे इतके खेटले, की मधलं अंतर चंद्रबिंबाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. एका फ्रेममध्ये दोन ग्रह!

आपलं दुखणं म्हणजे पावसाळा. जुलै २०१८ च्या अखेरीस मंगळ ५ कोटी ७६ लाख किलोमीटरवर आला, १५ वर्षांत सर्वांत जवळ, तोही ऐन पावसात. हळहळू नका. तेव्हा मंगळावर अख्खा ग्रह झाकणारं धुळीचं वादळ होतं.

नवखे असाल, तर खरेदीची घाई नको. मुंबईचं खगोल मंडळ नेरळच्या शेजारी वांगणीत रात्रभराचं आकाशदर्शन भरवत आलं आहे. तिथे आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनी बघा. आणि पुढे स्वतःची घेऊन माथेरान चढलात, तर दिवसा आयपीस उघड्यावर ठेवू नका. माकडं झोपतात ती रात्री.