गव्हाचे दुसरे पाणी आणि नाताळची रात्र

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी नाताळची बोलणी सुरू होतात. बोलणी होतात ती कपड्यांची, फराळाची आणि पाहुण्यांची. ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्यासाठी वेळ कोणता, हे मात्र कोणी ठरवीत नाही. ते आपोआप होईल असे आपण धरून चालतो. बंधुभगिनींनो, रब्बीच्या ऐन दिवसांत शेतकऱ्याच्या घरी आपोआप काही होत नाही.

थोडा हिशेब करून पाहा. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. पहिले पाणी मुकुटमुळे फुटताना, १८ ते २१ दिवसांनी. दुसरे कांडी धरताना, ४० ते ४५ दिवसांनी. म्हणजे १० ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान पेरलेल्या गव्हाच्या दुसऱ्या पाण्याच्या मुदतीत २५ डिसेंबर हमखास येतो. पेरणी लांबून ४ डिसेंबरला गेली, तर पहिल्या पाण्याचा एकविसावा दिवस नेमका नाताळचा. त्यातच ऊसतोडीची टोळी कधी येईल याचा नेम नाही.

आमच्या घरी १९८१ साली असेच झाले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. चोवीस तारखेच्या रात्री पाटाचे पाणी आमच्या वावरावर आले आणि वडील खोरे घेऊन दारे धरायला गेले. फराळ शेवटपर्यंत राहिलेला, म्हणून आई मध्यरात्रीपर्यंत करंज्या तळीत बसली. शिंप्याकडचे सदरे आलेच नाहीत, त्यावरून आम्ही भावंडे भांडून झोपलो. सकाळी उपदेश चालू असताना वडील बाकावर पेंगत होते. दुपारी पाहुणे, संध्याकाळी पुन्हा गुरांचे चारापाणी. दिवे लागल्यावर आजीने एवढेच विचारले, “आज सण कुणाचा होता रे?” दिवसभरात घरात एकदाही प्रार्थना झाली नव्हती. कोणी काही बोलले नाही. आई उठून चुलीपाशी गेली.

पुढच्या वर्षी वडिलांनी दिवाळीच्या आधीच कॅलेंडर खाली काढले. त्यांची ती रीत मी आजही पाळतो आणि तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट पेरणीची. जमीन तयार असेल आणि वाफसा असेल, तर गहू ७ नोव्हेंबरच्या आत पेरा. पाच तारखेला पेरलेल्या गव्हाला बेचाळिसाव्या दिवसाचे पाणी १७ डिसेंबरला बसते आणि फुलोऱ्याचे पाणी थेट जानेवारीत, ६० ते ६५ दिवसांनी. मधला आठवडा मोकळा मिळतो. पेरणी बारा तारखेला झाली असली तरी चाळिसावा दिवस २२ डिसेंबरला येतो, तेव्हा भरणे उरकून घेता येते. सणासाठी पीक तहानलेले ठेवा असे मी म्हणत नाही. पाच दिवसांची मुदत असते, तिचा उपयोग करा.

पण पाटाची पाळी आपल्या हातात नसते, आणि जिथे विजेची रात्रपाळी आहे तिथे मोटारीचेही तेच. इथे शेजारधर्म कामाला येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेजारच्या अण्णांच्या उसाचे भरणे आमच्या वडिलांनी केले आणि नाताळच्या रात्री अण्णा आमच्या दाऱ्यावर उभे राहिले. दोघांनीही एकमेकांच्या देवाबद्दल कधी वाद घातला नाही. पाणी मात्र एकदाही फुकट गेले नाही. असा शब्द दसऱ्यालाच घेऊन ठेवावा. ऐन वेळी कोणाला विचारणे बरे दिसत नाही.

आता घरातले. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तेवढ्या आठवड्यांत कामे वाटून घ्या. कपडे पहिल्या आठवड्यात शिंप्याकडे जावेत. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे हाती येतील तेव्हाच सणाची रक्कम वेगळी काढावी आणि तेवढ्यातच सण करावा. जानेवारीत दुकानदाराची उधारी फेडायची असेल, तर पंचविसाव्या तारखेला प्रार्थनेत मन लागत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. फराळाचा शेवटचा घाणा बावीस तारखेला उतरला पाहिजे. पुरुषांनीही पाट्यावर बसून लाटायला काही हरकत नाही. घरातली बाई चुलीजवळच राहिली तर तिचा नाताळ कधी व्हायचा? फराळातला एक डबा ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर द्यायला आधीच बाजूला ठेवावा. मागाहून उरलेसुरले देणे वेगळे.

रोजच्या वाचनाला सोपी सोय आहे. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. १ डिसेंबरपासून रात्री जेवणानंतर एक-एक वाचला की चोवीस तारखेला पुरे होतात. आमची आजी मात्र कुरकुरायची, की जन्माची कथा दोन तारखेलाच संपते आणि सणाच्या दिवशी हातात काही उरत नाही! म्हणून चोवीसच्या रात्री दुसरा अध्याय पुन्हा वाचायचा, असे ठरले. वाचायचे काम मुलांना द्या. अडखळली तरी चालेल.

भजनाचेही तसेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेला मराठी भजन-कीर्तनाचे वळण दिले आणि नगर भागात ते रुजले. आता बऱ्याच गावांत त्या रात्री मोठे कर्णे लावून ऐकलेलीच गाणी वाजवतात आणि पेटी-तबला कपाटात राहतो. मला तो गोंगाट आवडत नाही, हे उघड सांगतो. डिसेंबरमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम केली तर पोरे स्वतः गातील.

इतके करूनही पाळी टळत नाही असे वर्ष येते. १९९३ साली अण्णा आजारी होते आणि पाणी चोवीसच्या रात्रीच आले. मग आईने भाकरी बांधली, मी कंदील घेतला आणि आम्ही सगळेच वावरात गेलो. बांधावर धाकट्या बहिणीने वाचले. मेंढपाळ रात्री रानात कळप राखीत होते, तिथेच त्यांना वार्ता कळली, त्या जागी आल्यावर वडिलांनी खोरे खाली ठेवले आणि तिला पुन्हा वाचायला सांगितले. मधल्या वेळात एक दारे फुटून दोन वाफे तुडुंब झाले. पाणी पहाटे तीनला बंद झाले. सकाळच्या उपासनेत मला झोप आवरेना. वडील मात्र शेवटपर्यंत जागे होते.