रात्रपाळी, १२४० ग्रॅम

रात्री ७:४०. नागपुरातला एक सरकारी दवाखाना, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. सिस्टर बांगड्या, घड्याळ काढून पर्समध्ये टाकतात. कोपरापर्यंत हात धुतात, पूर्ण दोन मिनिटं. थंडीत बोटांना भेगा पडतात. खोबरेल घरी लावायचं, इथं चालत नाही.

८:००. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा घेणं. वाट्याला चार बाळं. नावं अजून कुणाचीच ठेवलेली नाहीत, पायातल्या पट्टीवर आईचं नाव. सगळ्यात लहान १२४० ग्रॅमचं. काल १२२५ होतं. दिवसपाळीच्या सिस्टर हा आकडा दोनदा सांगतात.

९:००. बाळ वॉर्मरवर. पोटाला तापमानाची तार चिकटवलेली, ३६.५ ते ३७.५च्या आत राहायला हवं. नाकात इवल्या नळ्या. बाहेर सोडलेल्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेली. त्या पाण्याच्या दाबानं बाळाची फुप्फुसं उघडी राहतात. बुडबुडे थांबले, की आधी नळी कुठं निसटली ते बघायचं.

१०:००. आजी दारातून विचारते, "सिस्टर, दूध पेलं का वो पोरानं?"
"पेलं, माय. आता परत देतो."
आईनं वाटीत काढलेलं दूध, १२ मिली. चहाचे जेमतेम अडीच चमचे. पोटात सोडलेल्या नळीला जोडलेली सिरिंज उंच धरायची, दट्ट्या ढकलायचा नाही. दूध आपल्या वजनानं उतरतं. घाई केली तर उलटी. पलीकडचं बाळ जरा मोठं, ते बोंडल्यानं पितं.

१:४०. मॉनिटर ओरडतो. बाळ श्वास घ्यायचं विसरलंय. अपुऱ्या दिवसांची बाळं विसरतात. सिस्टर तळव्यावर टिचकी मारतात. एक. दोन. छाती हलते. वहीत वेळ लिहायची, डॉक्टरांना कळवायचं. औषध म्हणून रोज कॅफिन दिलं जातं, आपल्या चहातलंच.

२:१५. सिस्टर प्लगांवरून हात फिरवतात, एखादा गरम लागतोय का बघत. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे शेजारच्या भंडाऱ्यात, जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात आग लागली. १० बाळं गेली.

४:३०. चहा, उभ्यानंच.

६:००. वजन. १२५०. चौघांतल्या सतराशे ग्रॅमवालीला आईच्या उघड्या छातीशी उभं धरून साडीच्या फडक्यानं बांधतात. कांगारू केअर. १९७०च्या दशकाअखेरीस कोलंबियात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा हा उपाय निघाला. आई अवघडून बसलीय. मान दुखते म्हणते, पण उठत नाही.

८:१५. बाप विचारतो, "बिल किती झालं?" काही नाही. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार फुकट. त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर मात्र हिशेब आहे: एसटी, जेवण, अकरा दिवसांची बुडालेली मजुरी.

८:४५. गेटबाहेर तर्री पोहे, ३० रुपये. सिस्टर कंत्राटी, महिना २० हजार. शेअर ऑटोचे २० रुपये. चौथी सवारी आल्याशिवाय ऑटोवाला हलेना. सिस्टर वर दहा रुपये देतात आणि म्हणतात, "चल रे बाबा, झोपायचं आहे मला."