तेंदूच्या हंगामात दुखणारी टाच

मे महिन्यात गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यातली गावं पहाटे तीन-चारलाच जागी होतात. ऊन चढायच्या आत तेंदूची पानं तोडायची, ओझं डोक्यावर घेऊन घर गाठायचं, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. टाच दुखत असलेल्या बाईला या दिवसातले दोन क्षण नकोसे होतात. एक पहाटे बाजेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवण्याचा, दुसरा दोन-तीन तास पुडे बांधून झाल्यावर उठण्याचा. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला अशी कळ येते की ती थेट मस्तकात जाते. भिंतीचा आधार घेत, चवड्यांवर चार पावलं टाकली की कळ हळूहळू ओसरते. पाय मोकळा झाला असं वाटून ती कामाला लागते. दिवस कलला की टाच पुन्हा ठसठसते.

दुखण्याची ही तऱ्हा इतकी ठरलेली आहे की, अनुभवी डॉक्टर ती ऐकूनच निदान करतात. टाचेच्या त्या एका जागी अंगठ्याने दाबून पाहिलं की खात्री पटते. या दुखण्याला वैद्यकात प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. दहातल्या एकाला तरी ते आयुष्यात कधी ना कधी गाठतं, आणि चाळिशी ते साठीच्या वयात जास्त.

तळव्याच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. पायाची कमान धनुष्याचं लाकूड मानली, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. चालताना मागची टाच उचलली जाते, बोटं वर वळतात, पट्टा खेचला जातो आणि कमान घट्ट उभी राहते. म्हणूनच पाऊल पुढे ढकलायला जोर मिळतो. जे. एच. हिक्स या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने ही यंत्रणा १९५४ साली मांडली. दर पावलाला हा ताण पट्ट्याच्या टाचेकडच्या टोकावर येतो. रोज झिजलेला भाग रोज भरून निघाला तर प्रश्न नसतो. झीज जास्त आणि भरपाई कमी, असं महिनोन् महिने चाललं की ते टोक दुखू लागतं. रात्रभर पाय सैल सोडलेला असतो, पट्टा आखडून राहतो, आणि सकाळी अख्ख्या शरीराचा भार त्यावर एकदम पडतो. बसून उठल्यावरही हेच घडतं.

बरीच वर्षं याला सूज समजलं जाई. ‘आयटिस’ हे शेपूट त्यातूनच आलं. अमेरिकेतल्या हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून २००३ साली सांगितलं की, त्यांत सुजेच्या खुणा नव्हत्या, होती ती तंतूंची झीज. हा फरक रुग्णाच्या कामाचा आहे. सूज गोळीने उतरते. झिजलेला तंतू गोळीने भरून येत नाही. त्याला बेताचा ताण, बेताची विश्रांती आणि वेळ द्यावा लागतो.

‘टाचेचं हाड वाढलंय’ हे वाक्य मात्र गावोगावी ऐकू येतं. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं आणि माणूस घाबरतो. आता हे कापावं लागणार, अशी धास्ती घेऊन महिनेच्या महिने काढणारे लोक आहेत. असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या पायातही असतं, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या पायात नसतं. ते टोक तसंच राहूनही दुखणं पूर्ण बरं होतं. एक्स-रेचा खर्च दरवेळी करायची गरज नाही, आणि त्या काट्याची भीती तर मुळीच नको.

शहरी पुस्तकांत या दुखण्याची कारणं वाचली की वाढलेलं वजन आधी येतं. अमेरिकेतल्या डॅनियल रिडल यांच्या २००३ च्या अभ्यासातही ते होतं. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी होत्या: घोट्याची वाकण्याची क्षमता कमी होणं, म्हणजे आखडलेली पोटरी, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणं. अहेरीसाठी ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इथे अंगावर चरबी नसलेली माणसंही डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालतात, आणि टाचेला ते वजन अंगाचं की मोळीचं हे कळत नाही. जंगलात गस्त घालणारे वनरक्षक, पाठीवर सामान आणि हातात हत्यार घेऊन डोंगर पालथे घालणारे पोलिसांच्या सी-६० पथकाचे जवान, दिवसभर उभं राहणारे आठवडी बाजारातले विक्रेते, सगळे याच धोक्यात येतात.

आशाताईंचा उल्लेख वेगळा करायला हवा. बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ तपासण्याची पद्धत याच जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ती देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात झालेल्या प्रत्येक बाळंतपणामागे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. पेरमिली किंवा जिमलगट्टा भागात एका आशाची घरं विखुरलेल्या पाड्यांत असतात, आणि या भेटी बहुतेक पायीच होतात. देशातल्या बाळांना वाचवणारी ही पद्धत ज्या पायांवर चालते, त्या पायांत बहुतेकदा सपाट, झिजलेली प्लास्टिकची चप्पल असते. याची दखल सरकारी यंत्रणेने घ्यायलाच हवी.

अशा माणसाला ‘आराम करा, चालणं बंद करा’ हा सल्ला देऊन काय साधतं? तेंदूचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, आणि त्या पैशावर शेतीच्या पेरणीचं भागतं. लागवडीचे परे वाढून रोवणी आली की घरातला प्रत्येक हात लागतो. म्हणून उपाय असा हवा की जो कामाच्या दिवसातही बसेल. सुदैवाने, ज्यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे ते उपाय जवळजवळ फुकटचे आहेत.

पहिला उपाय पाऊल टेकवण्याआधीचा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असलेल्यांना ही बैठक आयतीच जमते. त्या बाजूच्या हाताने पायाची बोटं मुळापाशी धरून नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला की कातडीखाली दोरी ताठ झालेली लागते. ती लागली म्हणजे ताण योग्य जागी बसला. दहा अंक मोजायचे आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. यातली पहिली खेप अंथरुणातून उतरण्याआधीच झाली पाहिजे. पाय टेकवल्यावर ती करण्यात निम्मा फायदा जातो. पुडे बांधून उठण्याआधी, एसटीतून उतरण्याआधी, दुपारी झोपून उठण्याआधीही दहा वेळा करावं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये बेनेडिक्ट डिजिओव्हानी यांनी दहा महिन्यांहून जास्त काळ टाच दुखणाऱ्या १०१ रुग्णांवर हा व्यायाम तपासला. आठ आठवड्यांत तो नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला, आणि दोन वर्षांनी ज्यांची खबर मिळाली त्यांच्यापैकी ९२ टक्के समाधानी होते.

पोटरी आखडली आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. उकिडवं बसताना टाच जमिनीवर टेकलेली राहते की उचलली जाते, तेवढं बघायचं. उचलली जात असेल, तर भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून, टाच न उचलता पुढे झुकण्याचा व्यायामही जोडीला घ्यावा.

दुसरा उपाय तंतूला बळकट करण्याचा. ओट्याच्या पायरीवर दुपट्ट्याची घट्ट गुंडाळी ठेवायची, तिच्यावर पायाची बोटं टेकवायची, टाच पायरीच्या बाहेर. तीन अंक मोजत वर चढायचं, दोन अंक थांबायचं, तीन अंक मोजत खाली यायचं. गुंडाळीमुळे बोटं वर वळलेली राहतात आणि भार थेट त्या पट्ट्यावर येतो. सुरुवातीला दोन्ही पायांवर करावं, जमू लागलं की एका पायावर. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा असतो. रोज केल्याने लवकर गुण येतो असं नाही. डेन्मार्कमध्ये मायकेल राथलेफ यांनी २०१४ साली ४८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा गट नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा पुढे होता. वर्षाअखेर दोन्ही गट बरोबरीला आले. म्हणजे बरं होणं दोन्हीकडे होतं, बळकटीच्या व्यायामाने ते लवकर येतं.

तीन महिने हा आकडा अहेरीच्या वर्षात कुठे बसतो, हे पाहण्यासारखं आहे. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर, डिसेंबरच्या आसपास पायांवरचा भार जरा हलका होतो. मार्चमध्ये मोहफुलं वेचणं सुरू होतं, मग तेंदू, मग रोवणी. गेल्या हंगामात टाच दुखलेल्यांनी व्यायाम डिसेंबरात सुरू केला तर पाय तयार व्हायला अवधी मिळतो. दुखणं ऐन हंगामात उसळलं तर पायरीवरचा व्यायाम थोडा मागे ठेवून ताणाचा व्यायाम आणि चप्पल, या दोन गोष्टी सांभाळाव्यात.

चप्पल म्हणजे मऊ, पण लगेच दबून चपटी न होणारी; टाचेखाली बोटभर उंच आणि पायाला घट्ट बसणारी. दवाखान्यात ‘एमसीआर चप्पल घ्या’ असं सांगतात ती हीच. बारीक छिद्रांच्या रबराचा तिचा तळ कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी आला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांवर जे काम केलं, त्यातून ही पादत्राणं पुढे आली. रोवणीत चिखलात अनवाणीच उतरावं लागतं, आणि मऊ चिखल टाचेला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो बांधीपासून घरापर्यंतचा कडक रस्ता. तिथे चप्पल हवीच. घरात चप्पल न घालण्याची रीत आपल्याकडे पक्की आहे. पण शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी घरकुलात सिमेंट आणि फरशी आली, आणि चुलीपुढचं उभं राहणं त्या फरशीवर होऊ लागलं. घरापुरती धुतलेली वेगळी जोडी ठेवायला हरकत नसावी.

इंजेक्शनचा मोह समजण्यासारखा आहे. टाचेत स्टिरॉइड टोचलं की अनेकांना काही दिवसांत बरं वाटतं. पण आजवरच्या अभ्यासांत हा फायदा साधारण महिनाभराचाच दिसतो. पुन्हा पुन्हा टोचून घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित पट्टाच तुटतो. कळ थांबल्याच्या आनंदात माणूस दुसऱ्याच दिवशी ओझं घेऊन चालू लागतो, आणि धोका इथेच वाढतो. दुखण्याच्या गोळ्याही चार-पाच दिवसांपुरत्या ठीक. महिनोन् महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात.

रुईची पानं तापल्या विटेवर ठेवून टाच शेकण्याचा उपाय घरोघरी माहीत आहे. शेकाने आखडलेला पाय सैल होतो, बरंही वाटतं. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग अजून आहे, मधुमेह वाढतो आहे, आणि दोन्हींत तळवा बधिर होतो. बधिर पायाला वीट किती तापली हे कळत नाही. भाजतं, जखम होते, चिघळते. तळव्याला मुंग्या येत असतील किंवा स्पर्श कमी कळत असेल, तर शेक नको, आधी तपासणी. शेकाऐवजी थंड पाण्याची किंवा बर्फाची बाटली, नाहीतर लाटणं, दहा मिनिटं तळव्याखाली फिरवणं चांगलं. बधिर पायाला मात्र बर्फही नको.

दुखणाऱ्या प्रत्येक टाचेचं कारण हा पट्टाच असतो असंही नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली आणि कळ आली, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते आणि वय पंचविशी-तिशीचं आहे, तर संधिवाताची तपासणी हवी. टाच लाल होऊन सुजली, ताप आला किंवा रात्री झोपेतही दुखू लागली, तर वाट पाहू नये. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या रुग्णाला हाडांत अचानक तीव्र वेदना झाल्या तर त्याला व्यायाम सांगत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. अहेरीत उपजिल्हा रुग्णालय आहे, हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना आहे. तिथे जाताना सकाळचं पहिलं पाऊल कसं जातं, बसून उठल्यावर काय होतं आणि पायाला मुंग्या येतात का, या तीन गोष्टी नीट सांगाव्यात. माडिया, तेलुगू, मराठी, ज्या भाषेत नेमकं सांगता येईल त्या भाषेत, आणि लागली तर आशाताईची मदत घेऊन.

शस्त्रक्रियेची पाळी फार थोड्यांवर येते. बहुतेक जण वर्षाच्या आत बरे होतात. सहा महिने नेमाने व्यायाम करून, चप्पल बदलूनही फरक पडला नाही, तर शॉकवेव्ह उपचार असतो. त्यात यंत्राने टाचेवर लहरींचे ठोके देतात. त्यासाठी अहेरीहून नागपूरसारखं मोठं शहर, म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्तीचा प्रवास. हा उपचार साधारण आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच बैठकांत होतो. म्हणून पहिल्या भेटीआधीच फोन करून एकूण बैठका किती, खर्च किती आणि मधल्या दिवसांत गावी परतता येईल का, हे विचारून मगच निघावं.